तो गोल कॅमेऱ्याने दिला नाही

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या ज्या चहाच्या दुकानात मी निवृत्तीनंतर रोज सकाळी बसतो, तिथे त्या अंतिम सामन्याची हकिकत मी आजवर तीन वेळा ऐकली आणि तिन्ही वेळा चहा अर्धवट ठेवून उठलो. एका हकिकतीत मी व्हिडिओ पाहून चूक कबूल केली आणि डोळे पुसले. दुसरीत मी टीव्हीवर हात आपटला. तिसरी हकिकत सांगणारे गृहस्थ त्या दिवशी सोलापुरात नव्हतेच. ते पुण्याला मेहुण्याच्या घरभरणीला गेले होते, हे मला त्यांच्याच पत्नीकडून समजले आहे. तिन्ही हकिकतींत एक गोष्ट मात्र समान आहे. गोल कॅमेऱ्याने दिला, असे तिन्ही सांगतात. नेमकी तीच गोष्ट खोटी आहे.

माझी बदनामी होते म्हणून मी हे लिहायला बसलेलो नाही. खऱ्या हकिकतीत मी या तिन्हींपेक्षा वाईट दिसतो, हे वाचकाला लवकरच कळेल. पण त्या खोट्या गोष्टीमुळे एका रेषापंचाची बढती अडली होती. कडेला झेंडा घेऊन धावणाऱ्या माणसाला मैदानाच्या मधोमध शिट्टी घेऊन उभे राहायला मिळावे, यासाठी आमच्या जिल्ह्यात वर्षे घालवावी लागतात. तिने सहा घालवली होती आणि सातव्या वर्षी, मिळणार हे ठरलेले असताना, तिला थांबवण्यात आले. म्हणून ही नोंद.

मी चौतीस वर्षे क्रीडाशिक्षक होतो आणि त्याहून अधिक वर्षे फुटबॉलचा पंच. आमच्या गावात क्रिकेटला गर्दी होते, कबड्डीला त्याहून जास्त होते आणि फुटबॉलला खेळाडूंचे नातेवाईक येतात. तरीही दरवर्षी स्पर्धा होतात आणि दरवर्षी भांडणे होतात, त्यामुळे पंच लागतो. मी दिलेला एकही निर्णय मी कधी बदलला नाही. ते सगळे बरोबर होते असे माझे म्हणणे नाही. ते बदलले नाहीत, एवढेच म्हणणे आहे.

त्या वर्षी स्पर्धेच्या सचिवांनी बैठकीत जाहीर केले की अंतिम सामन्याला परदेशातल्याप्रमाणे व्हिडिओची मदत घेतली जाईल. सचिवांचे टॉवेलचे दुकान आहे आणि दुकानात दिवसभर टीव्ही चालू असतो. पंच कानाला हात लावतो, मग हवेत दोन्ही हातांच्या बोटांनी चौकोन काढतो, मग पडद्याकडे पळत जातो, हे सगळे त्यांनी बैठकीत उभे राहून करून दाखवले. मी विरोध नोंदवला. परदेशात डझनांनी कॅमेरे असतात आणि ते पाहायला वेगळ्या खोलीत वेगळे पंच बसवलेले असतात. आपल्याकडे काय आहे, असे विचारले. सचिव म्हणाले की दोन कॅमेरे आहेत आणि पडदा म्हणून त्यांच्या घरचा टीव्ही आणता येईल. मतदान झाले. विरोधात एक मत पडले. तेव्हा मी एक अट लिहून घेतली : व्हिडिओ पाहायचा की नाही हे फक्त मुख्य पंच ठरवील आणि मुख्य पंच मी असेन. मी अगतिक होऊन मान्यता दिली, असे जे सांगितले जाते ते या लेखी अटीमुळे खोटे ठरते.

कॅमेऱ्यांचे काम लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एका गृहस्थाला दिले होते. मंगल कार्यालयांत त्याचे नाव चांगले होते. सामन्याच्या दिवशी तो एक मोठा कॅमेरा घेऊन आला आणि मैदानाच्या मध्यरेषेजवळ बांबूंच्या उंच परांचीवर, म्हणजे रंगारी बांधतात तसल्या मचाणावर, स्वतः चढून बसला. दुसरा, हातात धरायचा कॅमेरा त्याच्या धाकट्या भावाकडे होता. हा भाऊ दोन मुलांचा बाप होता आणि फुटबॉल त्याने आयुष्यात पाहिलेला नव्हता. वर चढण्यापूर्वी थोरल्याने माझ्याकडे येऊन अत्यंत नम्रपणे विचारले, “सर, यात नवरदेव कोण धरायचा?”

मला प्रश्न समजला नाही. त्याने समजावून सांगितले. लग्नात एक कॅमेरा सगळा मांडव घेतो आणि दुसरा नवरदेवाला सोडत नाही. इथे धाकट्याने कुणाला सोडायचे नाही, एवढे सांगा. हा प्रश्न मला पोरकट वाटला. चेंडूचा पाठलाग करा असे सांगणे सोपे होते. पण मी सांगितले की मैदानावर ज्याच्या तोंडात शिट्टी असते तोच मुख्य. मी हे एका विशिष्ट अभिमानाने म्हणालो, हे मला मान्य आहे. त्याने मान हलवली आणि भावाला माझ्याकडे बोट दाखवले.

आता रेषापंचाविषयी. ती मोहोळच्या एका शाळेत खेळ शिकवते आणि रविवारी स्कूटी घेऊन सोलापूरला येते. पंचांच्या वर्गात ती माझी विद्यार्थिनी होती. मी तिला फारसे काही शिकवले असे म्हणणार नाही. पण झेंडा एकदा वर गेला की मुख्य पंच पाहीपर्यंत खाली आणायचा नाही, हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितले होते की पोरे माझी नक्कल करताना तेच वाक्य म्हणत. तिची पुढच्या मोसमापासून मुख्य पंच म्हणून नेमणूक होणार होती. जिल्ह्याच्या पंच समितीने तोंडी कळवले होते आणि कागद तेवढा यायचा होता.

अंतिम सामना उजनीच्या काठावरच्या एका गावाचा संघ आणि शहरातल्या विणकरांच्या गल्लीतला संघ यांच्यात होता. गावाचे खेळाडू पिकअपमध्ये उभे राहून आले आणि येताना स्वतःची जाळी घेऊन आले. त्यांच्यात निम्मे मासेमारी करणारे होते आणि आमच्या आयोजकांच्या जाळ्या पाहून त्यांना दरवर्षी वाईट वाटायचे. शहराच्या संघातले सात जण माझे विद्यार्थी होते. मी गावाला झुकते माप दिले, कारण तिथे माझी सासुरवाडी आहे, असेही एकाने पसरवले आहे. माझी सासुरवाडी अक्कलकोटकडची आहे. तिथल्या लोकांना फुटबॉलपेक्षा कानडी नाटकांची आवड अधिक.

ऊन फार होते. मैदान मुरमाचे होते. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही आणि मध्यंतरानंतरही बराच वेळ झाला नाही. मध्यंतरात रेषांवर नव्याने फक्की मारली होती. पांढऱ्या चुन्याची ती पूड इतकी जाड पडली होती की पाय पडला तरी धूर उडावा. सामन्याची दहाएक मिनिटे उरली असताना प्रमुख पाहुणे आले. त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे होते, त्यामुळे त्यांचा सत्कार लगेच करणे भाग होते. मांडवात माईकवर त्यांचा परिचय सुरू झाला. मैदानावर सामना चालूच होता.

त्याच वेळी गावाच्या संघाला कॉर्नर मिळाला. कॉर्नरचा चेंडू शहराच्या बचावपटूने डोक्याने लांब उडवला, तो मध्यरेषेकडे आला आणि त्याच्यामागून मीही मध्यरेषेकडे पळालो. तिथे गावाच्या एका खेळाडूने तो खाली पडू न देता तसाच परत मारला. चेंडू उंच गेला, पुढे आलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून गेला, गोलच्या आडव्या पाईपच्या खालच्या बाजूला लागला, खाली आपटला आणि उसळून बाहेर आला. गोलरक्षकाने वळून तो उचलला. मी हाताने इशारा केला की गोल नाही, खेळ चालू ठेवा.

त्या क्षणी मला कसलीही शंका नव्हती. मी पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर उभा होतो, मान वर होती आणि चेंडू रेषेवर पडल्याचे मी स्वच्छ पाहिले होते. कुणी मला शपथ घालून विचारले असते तर मी शपथ घेतली असती. माझा हा विश्वास वाचकाने लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्यावर आहे.

गावाच्या खेळाडूंनी मला घेरले. त्यांचा कर्णधार चांगला तिशीचा, उन्हाने रापलेला, केळीच्या बागा असलेला माणूस. तो ओरडला नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाला, “सर, आत पडला की वो. समद्यांनी बगितलं.”

मी म्हणालो की सगळ्यांनी पाहिल्याने गोल होत नाही, पंचाने पाहावा लागतो.

“मग त्यो टीवी कशाला आणलाय? शिरेल बगायला?”

त्याचे सहकारी हसले. माझे विद्यार्थीही हसले, ते मला अधिक लागले. कडेला पाहिले तर रेषापंचाचा झेंडा वर होता. मला तो तेव्हाच दिसला होता, हेही सांगून टाकतो. तिचे चुकले आहे असे माझे मत होते, कारण ती तिच्या जागी नव्हती. बचावपटू पुढे सरकले की रेषापंचाने त्यांच्याबरोबर सरकायचे असते. कॉर्नरनंतर ती दहा पावले पुढे यायला हवी होती आणि ती अजून कोपऱ्यातच होती. जागा चुकलेल्या पंचाचा झेंडा मी पाहत नाही.

मी हवेत चौकोन काढला. मला खात्री करून घ्यायची नव्हती. मला त्या कर्णधाराला गप्प करायचे होते. मी कुणाच्या दबावाखाली पडद्याकडे गेलो असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की मी केवळ हट्टाने गेलो.

मांडवाच्या मागे कनात लावून टीव्ही ठेवला होता. सचिव, शूटिंगवाला आणि मी असे तिघे आत होतो. प्रथम परांचीवरच्या कॅमेऱ्याचे चित्रण लावले. कॉर्नर मारला गेला, चेंडू हवेत गेला आणि चित्र शांतपणे डावीकडे वळले. पुढे पडद्यावर प्रमुख पाहुणे होते. सचिव त्यांच्या खांद्यावर सोलापुरी चादर घालत होते, चादर घसरत होती, पाहुणे ती एका हाताने सावरत होते आणि दुसऱ्या हाताने नारळ घेत होते. मागून पाईपवर चेंडू आपटल्याचा ठण् असा आवाज आला. त्या आवाजाने पाहुण्यांनीही किंचित मान वळवली. सचिव स्वतःकडे पाहत राहिले.

मी शूटिंगवाल्याकडे पाहिले. तो म्हणाला, “सर, सत्कार सुटला तर लोक जन्मभर बोलतात.”

त्याच्या धंद्यात ते खरे असावे. अक्षता पडत असताना तो नवरानवरीला भावाच्या भरवशावर सोडतो आणि व्याह्यांकडे वळतो, असे त्याने सांगितले. सचिवांनी दुसरा कॅमेरा लावायला सांगितला. दुसऱ्या कॅमेऱ्यात मी होतो.

धाकट्या भावाने त्याला सांगितलेले काम चोख केले होते. पडद्यावर मी एकटा होतो, मध्यवर्तुळात. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ वाकलेली, मान खाली, शिट्टी गळ्यातल्या दोरीला लोंबत होती. पाठीचे वर-खाली होणे दिसत होते. ठण् असा आवाज आला तेव्हा माझी नजर माझ्या बुटांपुढच्या मुरमावर होती. आवाजानंतर मान वर झाली. मग मी सरळ झालो आणि अत्यंत ठामपणे हात हलवला.

मी ते परत लावायला सांगितले. दुसऱ्या वेळीही मी तिथेच होतो.

सचिवांनी पडद्याजवळ तोंड नेऊन विचारले की यात बॉल कुठे आहे. नाही म्हटल्यावर त्यांचे लक्ष उडाले आणि पाहुण्यांना गाडीपर्यंत पोहोचवायचे असल्याने ते बाहेर गेले. आत आम्ही दोघे राहिलो. शूटिंगवाल्याने आवाज उतरवला. “सर, एवढं काढून टाकतो. लग्नात नवरदेवाला जांभई आली तर आम्ही ठेवत नाही.”

“ठेवा,” मी म्हणालो.

पुढे मी जे केले त्यात मनाच्या मोठेपणाचा काही भाग नव्हता. तो हिशेब नियमाचा होता. नियम असा की पडद्यावर उघड चूक दिसली नाही तर मूळ निर्णय कायम राहतो. पडद्यावर चेंडूच नव्हता, तेव्हा चूक दिसण्याचा प्रश्न नव्हता. नियम माझ्या बाजूने होता आणि माझ्या आयुष्यात न बदललेल्या निर्णयांमध्ये आणखी एकाची भर पडली असती. पण मूळ निर्णय म्हणजे पंचाने पाहून दिलेला निर्णय. मी पाहिलेच नव्हते. मी आवाज ऐकला होता आणि उरलेले डोक्यात रचले होते, पेनल्टी क्षेत्राच्या कडेसकट. जो निर्णय दिलाच गेला नव्हता तो कायम तरी कसा ठेवायचा, हे मला कुणी आजपर्यंत सांगितलेले नाही.

मी कनातीतून बाहेर आलो आणि मैदान ओलांडून सरळ कोपऱ्याकडे गेलो. तिचा झेंडा अजून वर होता. एवढ्या वेळात तिने हात बदलला होता, झेंडा खाली आणला नव्हता.

“काय पाहिलंस?”

“रेषेच्या मागे पडला, सर. वीतभर आत.”

“रेषेवर नाही?”

“रेषेवर पडला असता तर फक्की उडाली असती. उडाली नाही. तुम्ही जाऊन बघा, रेष तशीच आहे.”

मी जाऊन पाहिले. रेषेची पांढरी पट्टी अखंड होती आणि तिच्या मागे, जाळीच्या बाजूला, मुरमात एक ताजा गोल ठसा होता. तो नेमका त्याच चेंडूचा असे मी कोर्टात सांगणार नाही. पण तिला तो पाहण्याची गरज नव्हती. तिने चेंडू पाहिला होता. ती नियमाप्रमाणे दहा पावले पुढे आली असती तर तिलाही तो नीट दिसला नसता. तिची चूक झाली म्हणून तिला दिसले. माझ्या चुकीने मात्र मला काहीच दिसले नाही. दोन चुकांतला हा फरक मला तेव्हाही मान्य करावा लागला आणि आताही आहे.

मी दोन्ही कर्णधारांना बोलावले आणि म्हणालो, “मी चेंडू पाहिला नाही. हिने पाहिला. गोल आहे.”

हे वाक्य मी मोठ्याने उच्चारले होते. पण त्याच क्षणी मांडवातल्या माईकवरून निवेदकाने जाहीर केले की सोलापूरच्या इतिहासात प्रथमच व्हिडिओ तंत्रज्ञानाच्या साहाय्याने अचूक निर्णय देण्यात आला असून टाळ्यांचा कडकडाट व्हावा. निवेदकाने माझा हात, गोलची खूण म्हणून, मैदानाच्या मध्याकडे गेलेला पाहिला आणि बाकीचे स्वतः ठरवले. टाळ्या झाल्या. गावाचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर चढले. शहराच्या संघातल्या एकाने वाद काढायला तोंड उघडले, तेव्हा त्याच्याच कर्णधाराने त्याला मागे ओढले आणि म्हणाला, “गप बे. टीव्हीत दिसलंय.”

टीव्हीत काय दिसले ते मला माहीत होते. मी शिट्टी वाजवली आणि उरलेली मिनिटे खेळवली. त्या मिनिटांत मी चेंडूपासून वीस पावलांपेक्षा लांब एकदाही गेलो नाही. संध्याकाळी घरी पोहोचलो तेव्हा पत्नीने पाय शेकायला पाणी तापवले. मी तिला काय पाहिले ते सांगितले. ती एवढेच म्हणाली, “दम लागतो तर सांगायचं.” मला दम लागला नव्हता, उकाडा होता, असे मी तिला सांगितले आणि तिने पातेले खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी स्थानिक बातमीत तंत्रज्ञानाचा विजय झाला. सचिवांचे छायाचित्र टीव्हीशेजारी होते. मी त्यांच्या दुकानात गेलो आणि खुलासा करा असे सांगितले. ते टॉवेलांच्या घड्या घालत होते. त्यांचे म्हणणे मी प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण ते अगदीच टाकाऊ नव्हते. ते म्हणाले, “सर, टीव्हीचं नाव निघालं म्हणून सगळे घरी गेले. त्या बाईंचं नाव निघालं असतं तर दगड आले असते.”

मी म्हणालो की माझ्या नावाने अनेक वर्षे दगड आले, तिच्या नावाने का येऊ नयेत. पंचाच्या कामाचा तो भाग आहे आणि तिला तो नाकारण्याचा अधिकार टॉवेलच्या दुकानदाराला नाही. यावर त्यांनी मला चहा मागवला. मी तो घेतला नाही.

मी हा विषय तिथेच सोडला असता. लोक बोलतात ते बोलतात. पण महिन्याभराने ती मोहोळहून माझ्याकडे आली आणि तिने पंच समितीचे पत्र माझ्या हातात दिले. पत्रात लिहिले होते की अंतिम सामन्यात रेषापंच योग्य जागी नव्हत्या आणि योग्य निर्णय व्हिडिओमुळे होऊ शकला. सबब त्यांची मुख्य पंच म्हणून नेमणूक एक वर्ष स्थगित करण्यात येत आहे. ती तक्रार करायला आली नव्हती. तिला फक्त विचारायचे होते. खुर्चीच्या कडेवर बसून ती म्हणाली, “सर, तुम्ही आत जाऊन काय बघितलंत? मला दिसलं तेच दिसलं ना?”

मी तिला खरे सांगितले. तिने विचारले की हे समितीला माहीत आहे का. नाही, असे मी म्हणालो. तिने मला काहीही करायला सांगितले नाही. पत्राची घडी घातली, पत्नीने दिलेले थालीपीठ उभ्याने खाल्ले आणि चार वाजता शाळेत मुलींचा सराव आहे म्हणून निघाली.

मी शूटिंगवाल्याकडे गेलो. त्याने आनंदाने अंतिम सामन्याची फिल्म लावली. आयोजकांना दिलेली ती फिल्म पाऊण तासाची होती आणि तिच्यात सनईचे संगीत होते. चादरीचा प्रसंग संथ गतीने दोनदा होता. त्यावर वरून फुलांच्या पाकळ्या पडत होत्या. कॉर्नर होता. त्यानंतर लगेच गावाचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर चढत होते. मधला मी नव्हतो.

“ठेवा म्हणालो होतो,” मी म्हणालो.

तो ओशाळला. माझ्याविषयीच्या आदरापोटी काढले, असे म्हणाला. मी त्याला न कापलेले मूळ चित्रण मागितले. तो म्हणाला की इतक्या वर्षांत कच्चे कुणी मागितलेले नाही, अगदी घटस्फोट झालेल्यांनीही नाही. पण शोधून त्याने ते पेनड्राइव्हवर भरून दिले.

पंच समितीची बैठक एका शाळेच्या वर्गात, रविवारी सकाळी भरते. मला बोलावले नव्हते. समितीत तिघे आहेत आणि अध्यक्ष माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत. मी आत गेलो तेव्हा ते उभे राहिले, खुर्ची दिली, प्रकृती विचारली. मी पेनड्राइव्ह त्यांच्या लॅपटॉपला लावायला सांगितला. आधी चादर पाहिली. मग मला पाहिले. ठण् असा आवाज आला तेव्हा तिघांनीही पडद्यावरची नजर हलवून टेबलाकडे नेली. म्हणून मी ते पुन्हा लावले आणि या वेळी नीट पाहा असे सांगितले.

अध्यक्ष म्हणाले, “सर, हे दाखवायची गरज नव्हती.”

“होती.”

“यात गोल दिसतच नाही.”

“तेच दाखवायला आणलं आहे.”

दुसऱ्या सदस्याने विचारले की असे असेल तर गोल दिला कुणी. मी म्हणालो की ज्या पंचाची नेमणूक तुम्ही अडवली आहे तिने. राहिला जागेचा मुद्दा. तो मी नाकारला नाही, कारण तो खरा होता. ती तिच्या जागेपासून दहा पावले लांब होती. मी माझ्या जागेपासून निदान पन्नास पावले लांब होतो आणि शिवाय स्वतःच्या पायांकडे पाहत होतो. मी म्हणालो, “जागा चुकली म्हणून थांबवायचं असेल, तर आधी मला थांबवा.”

मी हे युक्तिवाद म्हणून म्हटले होते. त्यांनी तो प्रस्ताव म्हणून घेतला.

यात त्यांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. ते बहुधा दोन-तीन वर्षांपासून या वाक्याची वाट पाहत असावेत आणि ते माझ्याच तोंडून आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा पसरला तो मी विसरलेलो नाही. तिच्या नेमणुकीची स्थगिती उठवण्याचा ठराव आधी झाला. तो आधी व्हावा यासाठी मी आग्रह धरला. मग माझा विषय निघाला. शाल आणि श्रीफळाची भाषा सुरू झाली, ती मी थांबवली. मी स्वतःहून मानाने निवृत्त झालो असे पेठेत जे सांगतात, त्यांनी या बैठकीचे इतिवृत्त मागवून वाचावे.

इतिवृत्त तिसऱ्या सदस्याने तिथेच लिहून काढले आणि मला वाचून दाखवले. त्यात लिहिले होते की ज्येष्ठ पंच प्रकृतीच्या कारणास्तव मुख्य पंचाच्या कामातून मुक्त होत आहेत. मी ती ओळ खोडायला लावली. माझी प्रकृती ठणठणीत आहे, रक्तदाबाची एक गोळी सोडली तर मी काही घेत नाही आणि खोटे कारण लिहिलेल्या कागदावर मी कधी सही केलेली नाही. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. अध्यक्षांनी पेन माझ्यापुढे सरकवले आणि तुम्हीच लिहा असे म्हणाले.

मी लिहिले : चेंडू न पाहता निर्णय दिला, म्हणून. सूचक म्हणून अध्यक्षांनी सही केली. अनुमोदक कोण, यावर तिघेही थांबले, तेव्हा ती सही मी केली.